अष्टमीच्या दुपारी रंग : निवासी पाठशाळेतली विटलेली मुलं आणि चित्रं

रंगपेटी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. लिहीन लिहीन म्हणत बरेच महिने गेले. आता मदत हवी आहे, म्हणून लिहायला बसले.

मी मुंबईत एका शाळेत सकाळच्या सत्रात चित्रकला शिकवते. गेलं दीड वर्ष उपनगरातल्या एका निवासी वेदपाठशाळेतही जाते. मुलं ९ ते १७ वयाची, बहुतेक मराठवाड्यातली, काही कोकणातली. पहाटे साडेचारला उठायचं, स्नान, संध्या, मग संथा (गुरुजींमागून म्हणत नवा पाठ घेणं), मग आवर्तनं (पाठाची उजळणी), जेवण, पुन्हा आवर्तनं. मोठी मुलं १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसतात, म्हणजे रात्री भूमिती आणि इंग्रजी. गुरुजी मायाळू आहेत, जेवण चांगलं आहे, मारझोड अजिबात नाही. हे आधीच सांगते, कारण असा विषय निघाला की पहिला संशय तिकडेच जातो.

आणि तरीही मुलं विटलेली दिसतात. हाच शब्द मला बरोबर वाटतो. आळशी झालेली नाहीत, बंडखोर झालेली नाहीत. १३ वर्षांचा एक मुलगा आहे, सगळ्यांत गोड गळ्याचा. तो मला म्हणाला, "ताई, म्हणताना माझं तोंड चालू असतं, मी नसतो."

मला गुरुजींनीच बोलावलं होतं. मुलांना काहीतरी वेगळं हवंय हे त्यांना दिसत होतं, पण अध्ययनातला वेळ काढून देणं शक्य नव्हतं. मग अनध्यायाचे दिवस सुचले. प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी अशा तिथींना तिथे नवी संथा होत नाही. मुलं कपडे धुतात, दहावीचं वाचतात, घरी फोन करतात. त्यातली अष्टमीची दुपार मला मिळाली. तेव्हापासून माझं जाणं वारावर नाही, तिथीवर आहे. महिना सुरू झाला की कॅलेंडरवर दोन अष्टम्यांना गोल करते. कामाच्या दिवशी आली तर शाळा सुटल्यावर डबा लोकलमध्येच खाते आणि पुढे जाते.

पहिल्या दुपारी छापखान्यातून कापून उरलेले जाड कागद आणि तेलखडू नेले. काहीही काढा म्हटलं. १९ मुलं मांडी घालून बसली आणि कोणी खडूला हात लावेना. शेवटी एका लहानग्याने विचारलं, "चुकलं तर पहिल्यापासून?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. संथेत एक स्वर हलला तरी ओळ पुन्हा म्हणायची असते. हीच मुलं पूजेला सर्वतोभद्र मंडल इतकं सुबक घालतात की बघत राहावं. १९ उभ्या रेघा, १९ आडव्या, ३२४ घरं, पाच रंगांचे तांदूळ, एक दाणा शेजारच्या घरात जात नाही. हात तयार आहेत. पण जिथे बरोबर असं काही नसतंच, त्या कोऱ्या कागदाची त्यांना भीती वाटत होती.

मी म्हटलं, आज कागद खराबच करायचा आहे. खडू आडवा धरायचा आणि घासायचा. गोड गळ्याच्या मुलाने निळ्यावर काळा घासला, काळ्यावर पुन्हा काळा. कागद फाटला, तर खालच्या वर्तमानपत्रावर चालू राहिला. पाऊण तासाने खडूचं नखाएवढं टोक उरलं. मग त्याने स्वतःचे तळहात उलटसुलट करून बघितले आणि म्हणाला, "भूक लागली."

असं वर्षभर छान चाललं. कुणी घरामागचा आड काढला, कुणी नुसते पट्टे, कुणी प्लॅटफॉर्मवर टेकलेली लोकल. आणि मग माझ्याकडून चूक झाली. वार्षिक उत्सवात मी चित्रं भिंतीवर लावली. कौतुक व्हावं हाच हेतू होता. पाहुण्यांनी पहिला, दुसरा, तिसरा असे नंबर काढले. एका गृहस्थांनी गोड गळ्याच्या त्या मुलाच्या चित्रापुढे उभं राहून सगळ्यांदेखत विचारलं, "बाळ, हे इतकं काळं का रे? घरी काही झालंय का?"

त्यानंतरच्या सलग तीन अष्टम्या तो फक्त गणपती काढतोय. पट्टीने चौकट आखून, नीटनेटका, एकसारखा गणपती.

मी काय करू? आणि मी जे करते त्याला कलोपचार म्हणायचं का, की चित्रकलेचा तास? मी एक छोटा अभ्यासक्रम केला आहे, प्रशिक्षित थेरपिस्ट नाही. कुणाला अनुभव असेल तर जरूर लिहा.

चौथी_सीट

वाखूसा (वाचनखूण साठवली). लिहीत राहा ताई.

शांतघडी

रंगपेटी ताई, मी समुपदेशक आहे, किशोरवयीन मुलांबरोबरच काम करते. तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते.

'आर्ट थेरपी' हा शब्द एड्रियन हिल या ब्रिटिश चित्रकाराने १९४२ मध्ये वापरात आणला. तो स्वतः क्षयरोगासाठी सॅनेटोरियममध्ये होता, पलंगावर पडून चित्रं काढायचा आणि त्याने बरं वाटतं हे त्याने इतर रुग्णांतही पाहिलं. पुढे एडिथ क्रेमरने १९५० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातल्या मुलांच्या एका निवासी शाळेत वर्षानुवर्षं काम केलं. ती 'तिसरा हात' म्हणायची. मुलाला कात्री धरायला, रंग दाट करायला मदत करायची, पण चित्र आपल्या मनासारखं वळवायचं नाही, आणि त्याचा अर्थ त्याच्यावर लादायचा नाही. प्रशिक्षित थेरपिस्ट मुलाची माहिती घेतो, उद्दिष्ट ठरवतो, नोंदी ठेवतो, स्वतः देखरेखीखाली काम करतो. तुम्ही ते करत नाही, तेव्हा 'उपचार' म्हणू नका. 'रंगांची दुपार' म्हणा. त्याने तिची किंमत कमी होत नाही.

उपयोग होतो का? गिरिजा कैमल यांच्या गटाने २०१६ मध्ये ड्रेक्सेल विद्यापीठात ३९ प्रौढांना ४५ मिनिटं मनाला येईल ते करायला दिलं आणि आधी-नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल मोजलं. सुमारे ७५ टक्के जणांत ते उतरलेलं होतं. चित्रकलेचा पूर्वानुभव असण्या-नसण्याने फरक पडला नाही. प्रयोग लहान होता, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, मोठी माणसं होती. म्हणून मी त्यावर घर बांधणार नाही. पण तुमची पाऊण तासाची दुपार योग्य दिशेने आहे इतकं नक्की म्हणेन.

आता मुलं विटण्याबद्दल, म्हणजे बर्नआउटबद्दल. हा शब्द हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गरने १९७४ मध्ये मोफत दवाखान्यात राबणाऱ्या सेवाभावी माणसांबद्दल वापरला होता, म्हणजे कामावर जीव असलेल्यांबद्दल. जागतिक आरोग्य संघटना त्याला आजार म्हणत नाही, नोकरीच्या संदर्भातली घटना म्हणते. विद्यार्थ्यांसाठी संशोधक तीन गोष्टी तपासतात. शक्ती संपल्यासारखं वाटणं, अभ्यासापासून मन तुटणं, आणि आपल्याला काही येत नाही असं वाटू लागणं. "तोंड चालू असतं, मी नसतो" हे यातल्या दुसऱ्या गोष्टीचं इतकं नेमकं वर्णन मी कधी ऐकलं नव्हतं.

प्रदर्शनाबद्दल स्पष्ट सांगते. चित्र मुलाचं आहे, ते कुणाला दाखवायचं हे त्यानेच ठरवायचं. तुम्ही विचारलं नाहीत. आणि काळा रंग म्हणजे दुःख, लाल म्हणजे राग असलं काही नसतं. कधी काळाच खडू हाताला छान चिकटतो म्हणूनही काळा असतो. गणपती काढून तो सुरक्षित जागी गेलाय. त्याला तिथून ओढून काढू नका. सगळ्या मुलांसमोर माफी मागा, चित्रं त्यांची त्यांना परत द्या. "छान" म्हणणं बंद करा, कारण "छान" हाही गुणच असतो. जे दिसतं तेवढंच बोला, "इथे खूप जोर दिलायस." आणि तुम्हीही त्यांच्यासोबत बसून काढा.

एक गोष्ट मात्र रंगांनी सुटणार नाही. साडेचारला उठणारी मुलं झोपतात कधी?

रंगपेटी

साडेदहा. परीक्षा जवळ आली की अकरा.

शांतघडी

म्हणजे सहा तास, कधी साडेपाच. १३ ते १८ वयाला ८ ते १० तास लागतात, त्याहून लहानांना ९ ते १२. गुरुजींशी आधी हे बोला. खडू नंतर.

विचारमग्न

माझं वय ६८. सगळं वाचलं आणि मनापासून वेगळं मत मांडतो, राग नसावा. आमच्या वाडवडिलांनी माधुकरी मागून अध्ययन केलं. विद्यार्थिदशा ही तपश्चर्या आहे. मुखोद्गत परंपरा टिकली ती कष्टाने. प्रत्येक थकव्याला इंग्रजी नाव देऊन उपाय शोधत बसलो तर मुलं चिवट कशी होणार? मला ताईंच्या हेतूबद्दल शंका नाही. भीती एवढीच वाटते की मुलांच्या मनात 'हे फार कठीण आहे' हा विचार आपणच पेरू.

गच्चीवरचा

काका, मी आठ वर्षं पाठशाळेत होतो. आता डोंबिवलीत पौरोहित्य करतो. तुमच्या भावनेचा आदर ठेवून लिहितो.

कष्ट काय असतात ते आधी सांगतो, कारण बाहेरच्यांना कल्पना नसते. संहिता, म्हणजे मूळ मंत्र, पाठ झाली की पदपाठ, म्हणजे एकेक शब्द सुटा, मग क्रम, जटा, घन, म्हणजे तेच शब्द ठरलेल्या रीतीने गुंफून म्हणणं. घनात अगदी साधा तुकडा घेतला तरी पहिलं-दुसरं, दुसरं-पहिलं, पहिलं-दुसरं-तिसरं, तिसरं-दुसरं-पहिलं, पुन्हा पहिलं-दुसरं-तिसरं. एका आवर्तनात तेरा पदं, आणि मग एक पद पुढे सरकून तेच. संधी बदलतात, स्वर बदलतात. याने एक अक्षर इकडचं तिकडे होत नाही, म्हणूनच ते हजारो वर्षं टिकलं. हे करताना जो आनंद मिळतो तो मी दुसऱ्या कशात अनुभवला नाही. पण चौदाव्या वर्षी सहा महिने असे आले की मला पुस्तकाच्या वासानेही मळमळायचं. मी कुणाला सांगितलं नाही. चिवट होतो ना.

काका, परंपरेला हे माहीत होतं. अनध्याय कुणी आजच्या मानसशास्त्रज्ञाने काढलेले नाहीत. तिथींचे आहेत, ग्रहणाचे आहेत, अवेळी गडगडाट झाला तरी आहेत. सुंदरकांडात हनुमान कृश झालेल्या सीतेला उपमा कशाची देतो? प्रतिपदेला अध्ययन करणाऱ्याच्या क्षीण झालेल्या विद्येची. म्हणजे त्या दिवशी शिकलं तर विद्या झिजते, ही समजूत किती जुनी आहे बघा. आपणच ते दिवस दहावीच्या अभ्यासाने भरून टाकले. ताईंनी नवं काही आणलेलं नाही. ज्यांचा हक्काचा दिवस होता त्यांना त्यातली एक दुपार परत मिळाली.

ताई, एक कळकळीची विनंती. याचा 'विषय' होऊ देऊ नका. कुणीतरी सांगेल की एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसवा, दहावीला वाढीव गुण मिळतात. ज्याला आवड आहे त्याने खुशाल बसावं. अष्टमी मात्र त्यात देऊ नका.

पाऊसवेडा_मुलुंड

गच्चीवरचा, दंडवत. शेवटच्या परिच्छेदाला +१००.

खाडीपलीकडे

मी मूळची रायगडची, कोकणी मुसलमान, आता कुर्ल्याला राहते. माझा भाचा मुंबईतल्या एका निवासी मदरशात हिफ्ज करतोय, म्हणजे पूर्ण कुराण तोंडपाठ, ३० पारे (भाग), ११४ सूरा (अध्याय). ताईंचं लिहिणं वाचताना मला सारखं तोच दिसत होता. त्यांच्याकडेही रोजचा नवा धडा असतो, त्याला सबक म्हणतात, आणि जुन्याची उजळणी वेगळी. नवं जसं वाढतं तसं जुनं निसटतं, आणि मुलाला वाटतं आपण गळक्या बादलीने पाणी भरतोय. रमजानात तरावीहला, म्हणजे रात्रीच्या खास नमाजात, हाफिज (कुराण तोंडपाठ असलेला) उभा राहून पाठ म्हणतो. चुकला की मागचा माणूस दुरुस्त करतो, त्याला लुकमा देणं म्हणतात. भाचा म्हणाला, "खाला, मला स्वप्नातही लुकमा मिळतो."

चित्रांचं आमच्याकडे जपून करावं लागतं. माणसं, प्राणी काढणं बरेच उलेमा (धर्मपंडित) योग्य मानत नाहीत, आणि मुलाला उस्तादांच्या विरुद्ध उभं करून कुठलाही आराम मिळणार नाही. मला वाटलं खत्ताती, म्हणजे सुलेखन, सोपं पडेल. उस्तादांनी आनंदाने परवानगी दिली. पण तिथेही तेच झालं. खत्तातीत कलमाच्या एका ठिपक्याने, नुक्त्याने, प्रत्येक अक्षर मोजतात. अलिफ किती नुक्ते उंच, बे किती रुंद. मुलं लगेच एकमेकांच्या चुका काढायला लागली. पुन्हा लुकमा!

मग एका शुक्रवारी सुट्टीत भाचा घरी आला होता, तेव्हा मी नुसता कंपास दिला. वर्तुळ काढ, कंपास तेवढाच उघडा ठेव आणि कडेवर टोचत जा. सहाव्या पावलाला तो बरोबर सुरुवातीच्या टोचावर आला. "मोजलं नाही तरी आलं?" असं म्हणून त्याने अकरा वेळा करून बघितलं. मग पाकळ्या, पाकळ्यांत पाकळ्या, रात्री जेवायला उठेना. आता उस्तादांनी शुक्रवारी सकाळी इतर मुलांनाही कंपास आणि रंगीत पेन्सिली दिल्यात. कागद कुणी तपासत नाही, ही अट मी हात जोडून घातली होती आणि त्यांनी ती मान्य केली. अल्लाह त्यांचं भलं करो.

वसईची_लेक

आमच्याकडे भाऊ सेमिनरीत, म्हणजे फादर होण्याचं शिक्षण घेत होता. तिथे मौनाचे दिवस असत, त्याला ते आवडायचे. पण तो म्हणायचा की मौनात डोकं जास्तच बोलतं, हाताला काम हवं. तो बागेत आळी करायचा. रंगच हवेत असं नसावं, एवढंच सुचवते.

परभणीची_आई

मी इथे पहिल्यांदाच लिहिते, चुकलं तर सांभाळून घ्या. माझा मुलगा मुंबईला अशाच एका पाठशाळेत आहे, तीन वर्षं झाली. दिवाळीत आला तर चार दिवस झोपूनच होता. आम्हाला वाटलं प्रवासाचा शीण. वडील म्हणाले म्हणून दाखव, तर म्हणाला आणि एकदम उठून मोरीत गेला, उलटी केली. परत जाताना काही बोलला नाही, नुसती बॅग भरली. त्याला तिथे जायचं होतं ते त्याच्या इच्छेनेच. आता परत आणावं का? गुरुजींना विचारायला भीती वाटते, त्यांना वाटेल तक्रार करतात.

शांतघडी

ताई, चुकलं काही नाही, लिहिलंत हे फार चांगलं केलंत. आणायचं की नाही हे आज ठरवू नका. आधी फोनवर त्याला अभ्यासाबद्दल काहीही न विचारता बोला, जेवलास काय, मित्र कोण, झोप लागते का. आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वेळी. गुरुजींना तक्रार म्हणून नाही, मदत म्हणून विचारा, "घरी आल्यावर असं झालं, तुम्हाला तिथे काय दिसतं?" आणि एकदा डॉक्टरांना दाखवा, उलटी पित्ताचीही असू शकते.

तो जगण्याचा कंटाळा आलाय असं काही बोलला, स्वतःला इजा केली, किंवा सलग दोन आठवडे जेवण-झोप गेली, तर थांबायचं नाही. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे, मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. तुम्ही स्वतःसाठीही फोन करू शकता. मला व्यक्तिगत निरोप करा, आपण बोलू.

गच्चीवरचा

ताई, मी त्या मोरीतल्या उलटीतून गेलेला मुलगा आहे असं समजा. मला आईने तेव्हा दोन महिने घरी ठेवलं आणि एकदाही "म्हणून दाखव" म्हटलं नाही. मी नंतर माझ्या पायांनी परत गेलो. सगळ्यांचं असंच होईल असं नाही, पण तुम्हाला धीर यावा म्हणून सांगितलं.

विचारमग्न

गच्चीवरचा, तुमचं दोनदा वाचलं. कष्टाबद्दलचं माझं मत तेच आहे. पण सहा तास झोप हे कष्ट नव्हेत, ती हेळसांड आहे, हे मान्य करतो. आमच्या आजोबांच्या वेळी दिवे मालवले की निजानीज व्हायची. रात्री अकराला भूमिती नव्हती. रंगपेटी ताईंना कागद, खडू लागत असतील तर दरमहा खर्च द्यायला मी तयार आहे. निरोप करतो.

रंगपेटी

उशिरा येतेय, मधल्या अष्टमीची वाट बघत होते. सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचा निरोप मिळाला.

आधी झोपेचं. गुरुजींना तासांचा हिशेब दाखवला. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "मी लहानपणी आठला झोपत होतो." दहावीचा अभ्यास आता आठवड्यातले तीन दिवस दुपारच्या दुसऱ्या आवर्तनाच्या जागी गेलाय आणि साडेआठला दिवे बंद. पहिले दोन दिवस मुलं अंधारात बडबडत होती म्हणे, तिसऱ्या दिवसापासून डाराडूर.

अष्टमीला मी मुलांसमोर उभी राहिले आणि सांगितलं की तुम्हाला न विचारता मी तुमची चित्रं लावली, ती माझी चूक होती. मुलं इतकी अवघडली की माझंच मन भरून आलं. बहुधा मोठ्या माणसाने अशी माफी मागितलेली त्यांनी पाहिली नव्हती. प्रत्येकाची चित्रं त्याच्या हातात दिली. काहींनी ट्रंकेत ठेवली, दोघांनी तिथेच फाडली, एकाने होडी केली. गोड गळ्याच्या मुलाने त्याचं काळं चित्र घडी करून खिशात घातलं आणि वर बघितलंच नाही.

'वसईची लेक' यांच्यामुळे या वेळी मी शाडूची माती नेली होती, परळच्या एका मूर्तिकारांनी उरलेली दिली. त्यांनी भिजवून मळून ओल्या फडक्यात बांधून दिली, लोकलमध्ये मांडीवर घेऊन आले. मातीत काही पुसायला लागत नाही, दाबलं की गेलं. दिवसभर स्वरांबरोबर हात वर-खाली करणारी ही मुलं ती माती अशी काही तिंबत होती की खोलीत फक्त थपथप आवाज. मीही बसले आणि शांतघडी, तुम्ही सांगितल्याप्रमाणे तोंड बंद ठेवलं. फार जड गेलं. दोन वेळा "छान" ओठांवर आलं.

त्या गोड गळ्याच्या मुलाने आधी गणपतीच केला. सोंड, कान, सगळं नीट. थोडा वेळ बघितलं आणि मूठ मारून सपाट केला. माझ्याकडे पाहिलं. मी माझा गोळा मळत राहिले. मग त्याने एक वाटी केली, ती मोडली. एक लांब वळी केली, ती मोडली. शेवटी नुसतीच माती हातात धरून बसला आणि हळूच काहीतरी गुणगुणायला लागला. मला वेदातलं फारसं कळत नाही. शेजारच्या मुलाने त्याच्याकडे वळून एक स्वर सुधारला, आणि हा "असू दे रे" म्हणून तसाच पुढे म्हणत राहिला.

परभणीच्या ताई, तुमचा मुलगा कुठे आहे हे मला माहीत नाही आणि इथे सांगूही नका. पण त्यांच्या गुरुजींना माझ्याशी बोलायचं असेल तर मी केव्हाही फोनवर आहे. पुढची अष्टमी बुधवारी येतेय. माती थोडी उरली आहे, फडकं रोज सकाळी ओलं करून ठेवते.